डाव्या गालावरचं ऊन

चैत्राची दुपार खाडीवर उतरली, की करंजखारचं आगर पेटतं.

ज्वाळा नाहीत, धूर नाही; तरी पेटतं. वाफ्यावाफ्यातलं निश्चल, नितळ, नीलवर्ण पाणी हळूहळू जडावतं. त्याच्यावर पातळ पांढरी साय धरते. त्या सायीच्या पोटात मिठाचा पहिला स्फटिक जन्म घेतो, मग दुसरा, मग सहस्र, मग असंख्य. वरून ऊन कोसळतं, आणि खालून मीठ तेच ऊन झेलून पुन्हा वर उधळतं. आभाळ आणि आगर यांच्या मध्ये जो उभा राहील, त्याच्या वाट्याला दोन सूर्य येतात.

त्या दोन सूर्यांच्या मध्ये चांगुणाबाय बेचाळीस वर्षं उभी होती.

दक्षिणेच्या बांधावर पाय रोवायचे. तोंड उत्तरेला. लांब दांड्याची लाकडी फळी पाण्यात लोटायची, तळाशी बसलेलं मीठ ओढून बांधाशी आणायचं. लोटायची, ओढायचं. लोटायची, ओढायचं. समुद्र सदैव डाव्या हाताला. अस्ताकडे कललेलं, तांबूस, तिखट, तीव्र ऊन सदैव डाव्या गालाला. तिचा नवरा जोमाबुवा दोन शब्द बोलायला आला, तर नेहमी उजवीकडून येई आणि तिच्या सावलीत उभा राही. आयुष्यभरात त्याने एवढी एकच हुशारी केली, असं ती म्हणे.

पण चांगुणाबायची खरी ओळख मिठाची नव्हती, गळ्याची होती. ती धवलारीण होती.

आगरी लग्नात धवलारीण पाटाशेजारी बसते आणि धवले गाते. तिच्या गाण्यावर लग्न पुढे सरकतं. तिने आळवलं की देव मांडवात येतात. तिने म्हटलं की हळद लागते. तिचा स्वर चढला की वरमायांचे डोळे भरतात, आणि तो उतरला की नवरीचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडतं. करंजखारात आता एकच धवलारीण उरली होती, आणि गावातल्या निम्म्या संसारांची सुरुवात तिच्या गळ्यातून झाली होती.

चांगुणाबाय मानी होती. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि तिला स्वतःला तर फारच चांगलं ठाऊक होतं.

माघातल्या एका लग्नात मात्र त्या मानाला तडा गेला.

मांडव भरलेला. झेंडूच्या माळा, गुलाबपाण्याचा शिडकावा, समयांच्या ज्योतींची शांत, सोनेरी, सळसळती रांग. चांगुणाबाय डोळे मिटून गात होती. देवांना एकेक करून बोलावत होती. डोंगरातला देव आला, वेशीतला आला, खाडीच्या मुखावरचा आला. मग कुणास ठाऊक का, तिने डोळे उघडले.

समोर नवाच एक पडदा उभारला होता. भिंतीएवढा, झगझगीत. आणि त्या पडद्यावर एक तोंड होतं.

काळंभोर. शुष्क. आडव्या रेषा, उभ्या रेषा, तिरप्या रेषा, रेषेला फुटलेल्या रेषा. कपाळावर सात, डोळ्यांच्या कडांना पंख्यासारख्या पसरलेल्या, ओठांभोवती दोरी आवळल्यासारख्या. डावा गाल तर असा, की त्यावर बोट ठेवायला सपाट जागा नाही.

ही कोन म्हातारी, चांगुणाबायच्या मनात आलं, आनि माज्या आवाजात कशी गाते?

दुसऱ्या क्षणी तिला कळलं. आणि धवला तुटला.

मध्येच, अर्ध्या ओळीवर, देव मांडवाच्या दाराशी उभा असताना तुटला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. बायांना वाटलं, घसा कोरडा पडला असेल. कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने दोन घोट घेतले, ओळ पुन्हा उचलली, लग्न लावून दिलं आणि न जेवता घरी आली.

घरात तळहाताएवढा आरसा होता. त्यात कपाळ मावे आणि कुंकू मावे. उरलेलं तोंड त्या आरशाने तिला कधी दाखवलंच नव्हतं. त्या संध्याकाळी तिने तो खुंटीवरून काढला आणि इंचाइंचाने चेहऱ्यावरून फिरवला. पाहून झाल्यावर पालथा ठेवला.

"आथा मी मांडवात बसनार नाय," ती म्हणाली.

"मंग कोन, मी बसू?" जोमाबुवाने विचारलं.

ती हसली नाही. तेव्हा त्याला कळलं, की हे साधं रुसणं नव्हे.

फाल्गुनात दोन घरची माणसं धवल्यासाठी विचारायला आली, आणि दोन्ही नारळ तिने परत केले. गावाने कुजबुज केली. गाव कुजबुजण्यापलीकडे काय करणार? पण मग प्रणालीचं लग्न ठरलं, वैशाखातल्या तिथीवर, आणि शब्द आपल्याच गळ्याशी आला आहे हे चांगुणाबायला उमगलं.

प्रणाली तिच्या भावाची मुलगी. आई गेली तेव्हा तीन वर्षांची होती. चांगुणाबायला मूल नव्हतं. तिने त्या पोरीला काखेत उचललं आणि आगरावर आणलं. बांधावर चार बांबू रोवून गोणपाटाची सावली केली, त्या सावलीत पोरीला बसवलं. तिथे बसून ती पाटी गिरवी. तिथे बसून उजळणी म्हणे. मान वर केली, की समोर आत्या. फळी लोटणारी, मीठ ओढणारी, उन्हात न्हालेली. तीच पोर वाढत वाढत डॉक्टर झाली. त्यातही कातडीची डॉक्टर. पेणच्या बाजारपेठेत तिचा दवाखाना होता, आणि दारावर तिच्या नावाची पाटी.

त्या पोरीला हळद लावायची, तर धवला कुणी म्हणायचा? चांगुणाबायचा जीव म्हणे, तू. चांगुणाबायचा मान म्हणे, हे तोंड घेऊन?

हळदीला वीस दिवस उरले होते. त्या सकाळी ती एकटीच एसटीने पेणला गेली. दवाखान्यात नंबर लावला. मुरुमांच्या पोरी, खरजेचे बाप्ये, अशा ओळीत ताठ मानेने पाऊण तास बसून राहिली, आणि नाव पुकारलं तेव्हा आत गेली.

"आते?" प्रणाली उठून उभीच राहिली. "तू नंबर लावलास?"

"मी डाक्टरकडं आयलंय, भाचीकडं नाय." ती स्टुलावर बसली. "ह्या सुरकुत्या काढ. मंगच तुज्या हळदीला गाईन."

प्रणालीने भिंगाचा दिवा ओढला. शुभ्र, शीतल, सावलीविरहित उजेड चांगुणाबायच्या चेहऱ्यावर पडला, आणि त्या उजेडात तो चेहरा एखाद्या मुलखासारखा उलगडला: कडे, दऱ्या, आटलेले ओढे, ओढ्यांना मिळणारे ओढे.

"कातडीच्या खाली धाग्यांची वीण असते, आते," प्रणाली बोटाने हलकेच गाल चाचपत म्हणाली. "आपल्या मासे धरायच्या जाळ्यासारखी. ती वीण कातडीला ताणून धरते. वय वाढतं तसे नवे धागे कमी तयार होतात, आणि ऊन जुने धागे तोडत राहतं. वयाने पडते ती सुरकुती बारीक असते. ही खोल आहे ना, ही उन्हाची. आणि जन्मभर डोळे बारीक करून बघितलंस, तिथे रोज एकच घडी पडत गेली. रोज त्याच घडीवर दुमडलं तर कापडसुद्धा तसंच राहतं."

"म्हंजे मिठानं केलं."

"उन्हाने केलं. मिठाने ते दुप्पट केलं. जरा हस बघू."

"कनाला?"

"हस ग."

चांगुणाबायने डोळे बारीक करून हसून दाखवलं. डोळ्यांच्या कडांच्या रेषा मिटल्या, एकमेकींना चिकटल्या.

"आता थांब."

चेहरा सैल झाला, रेषा उघडल्या. आणि प्रत्येक रेषेच्या तळाशी एक बारीक, उजळ, गव्हाळ धागा दिसला. काळ्या कातडीच्या घडीघडीत लपलेला. प्रणालीने मोठा आरसा तिच्यापुढे धरला.

"हा तुझा मूळ रंग. डोळे बारीक केलेस की घडी मिटायची, म्हणून तिथे ऊन पोचलंच नाही. तू लग्न होऊन करंजखारात आलीस तेव्हा अशी होतीस."

चांगुणाबायने निरखून पाहिलं. सोळा वर्षांची एक मुलगी त्या घड्यांच्या आत अंग चोरून बसली होती. क्षणभर तिला भरून आलं. पण ती वेळ भरून यायची नव्हती.

"बरा हाय रंग," ती म्हणाली. "बाकीचा पन असाच कर."

प्रणाली हसली, आणि मग तिने एकेक उपाय मांडला. खोटी आशा न लावता. रात्री लावायचं एक मलम होतं, त्याने आतली वीण पुन्हा थोडी भरते. पण त्याला चार-सहा महिने लागतात, आणि भरून किती येईल तेही बेताचंच. लेझर होता, पण उन्हात करपलेल्या सावळ्या कातडीवर तो घाईने मारला, तर सुरकुती बरी म्हणायची वेळ येईल असे काळे डाग पडतात. आणि कपाळासाठी सुई होती. ती कातडीखालच्या स्नायूंना तीन-चार महिने निजवते, म्हणजे आठ्या पडत नाहीत.

"निजवते?"

"हो. मग भुवया फारशा उठत नाहीत."

चांगुणाबाय विचारात पडली. देवाला बोलवताना तिच्या भुवया आपोआप वर जात. स्वर चढे तसं कपाळ चढे. भुवई न उचलता देवाला हाक कशी मारायची, हे तिला काही केल्या समजेना.

"मना नको तुजी सुई," ती म्हणाली. "म्हंजे वीस दिसांत काय होनार नाय."

"वीस दिवसांत नाही, आते. तुला खोटं कशाला सांगू?"

निघताना प्रणालीने दोन ट्यूब तिच्या पिशवीत घातल्या. एक सकाळी लावायची, ऊन अडवणारी. ती भरपूर लाव. दुसरी रात्रीची, ती एक दिवसाआड, आणि फक्त वाटाण्याएवढी. "वाटाण्याएवढी," तिने पुन्हा बजावलं.

चांगुणाबाय एसटीच्या खिडकीशी बसून आली. बाहेर वाफ्यांमागून वाफे पळत होते, चकाकत होते. आणि ते बघता बघता तिच्या मनाने एक वाट काढली.

पावसाळा सरतो तेव्हा आगराचा तळ असाच असतो. भेगाळलेला, विदीर्ण, सुरकुतलेला. तेव्हा आगरी काय करतो? चार-सहा महिने वाट बघतो? छे. खाडीचं पाणी आत घेतो. चिखल तुडवतो, फळीने धोपटतो, उन्हाला सोडून देतो. पंधरा दिवसांत तळ असा गुळगुळीत होतो, की त्यात आभाळातली घार दिसावी. बेचाळीस तळ तिने स्वतःच्या पायांनी तुडवले होते. पोरगी शिकलेली होती, शहाणी होती. पण पोरीने तळ कधी तुडवला नव्हता.

आणि वाटाण्याएवढी म्हणजे काय? आगरात वाटाण्याएवढं काही कुणी करत नाही.

मग रात्रीची ट्यूब ती रोज लावू लागली, लिंबाएवढी. आणि दुपारी, वाफ्यातलं मीठ ओढून झालं, की तळाचा रेशमासारखा मऊ, काळा, चमकता चिखल ती ओंजळीत घेई. मीठ निघून गेल्यावर मागे जे कडू पाणी उरतं, त्यात तो कालवी. कपाळापासून हनुवटीपर्यंत त्याचा लेप थापी, आणि बांधावर बसून उन्हाला तोंड देई. लेप वाळे. कातडी ओढली जाई. ओढ बसते आहे म्हणजे गुण येतो आहे, असं तिला वाटे, आणि ती ओठ न हलवता मनातल्या मनात प्रणालीचा धवला जुळवीत राही.

तीन दुपारी असं चाललं. चौथ्या दुपारी तिने लेप धुतला, आणि पाण्याबरोबर गालाची सालं आली.

चेहरा लालबुंद झाला होता. सुजला होता. जागोजागी सोलला होता, आणि त्यावरून वारा गेला तरी जाळ होत होता. ती बांधावर तशीच बसून राहिली. जोमाबुवा उजवीकडून आला, तिच्या सावलीत थांबला, आणि त्याने पाहिलं. त्याने कंबरेचा फोन काढला आणि पोरीला लावला.

प्रणाली तासाभरात आली. आत्याला तिने घरात, दारामागच्या गारव्यात निजवलं. उकळून गार केलेल्या पाण्यात मऊ फडकं भिजवलं, पिळलं आणि गालावर ठेवलं. रात्रीची ट्यूब उचलून बघितली. ती जवळजवळ रिकामी होती. जोमाबुवाने चिखलाची हकिगत सांगितली. प्रणालीने ऐकून घेतलं. फडकं बदललं. साधं व्हॅसलिन हलक्या बोटाने लावलं.

"दहा दिवसांत कातडी शांत होईल," ती अखेर म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "लग्नाच्या आत बरी होशील. सुरकुत्या होत्या तशाच राहतील."

"मंग मी नाय गानार." चांगुणाबायने डोळे मिटले. "त्या पडद्यावर ह्या तोंडानं तुना हळद लावू? तुजी सासरची बगतील. डाक्टरीणबायची आते बगा, बोलतील."

बाहेर वारा पडला होता. खाडीचं पाणी ओहोटीला लागलं होतं, आणि ओल्या चिखलावर संध्याकाळचा तांबडा उजेड पसरत होता. तो उजेड दारातून आत आला, जमिनीवरून सरकत सरकत अंथरुणापर्यंत आला. प्रणाली उठली, आत्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली आणि उजेड अडवून धरला.

"आते, तुझी डावी बाजू उजवीपेक्षा दहा वर्षांनी म्हातारी आहे. माहीत आहे तुला?"

"नाय."

"मला माहीत होतं. पाटी गिरवायचे तेव्हापासून माहीत होतं." ती फडकं पिळत राहिली. "कॉलेजात एकदा सरांनी एका माणसाचा फोटो दाखवला. अर्धं तोंड साधं, अर्धं सुरकुत्यांनी भरलेलं. विचारलं, ह्याला काय झालंय? वर्गात पन्नास मुलं. डॉक्टरांची मुलं, इंग्रजी शाळेतली मुलं. कुणी म्हणालं लकवा, कुणी म्हणालं भाजलंय. मी तोवर वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं. माझं बोलणं ऐकून हसतील, म्हणून गप्प बसायचे. पण त्या दिवशी उभी राहिले. म्हटलं, सर, ह्याला काही झालेलं नाही. ह्याच्या एकाच बाजूला ऊन लागतंय, रोज, खूप वर्षं."

चांगुणाबायने डोळे उघडले.

"तो ट्रक चालवायचा, आते. खिडकीकडची बाजू होती ती. सरांनी मला विचारलं, कुठल्या पुस्तकात वाचलंस? मी म्हटलं, पुस्तकात नाही, बांधावर बसून बघितलंय. त्या दिवशी मी ठरवलं, की कातडीचीच डॉक्टर व्हायचं." तिने फडकं खाली ठेवलं. "माझं सगळं शिक्षण ह्या डाव्या गालावरून सुरू झालं. आणि तू त्याच्यावर चिखल थापलास."

तिने डोळे पुसले. मग ती डॉक्टर उरली नाही, नुसती करंजखारची पोर झाली.

"दुसरी धवलारीण मना नको. तू आयली नाय तर हळद लागनार नाय. मी पाटावर बसून ऱ्हाईन."

त्या घरात हट्ट शेजारून उसना आणावा लागत नसे. चांगुणाबायने विचारलं,

"मंग मास्तर काय बोलला?"

"शाबास म्हणाले."

"पन्नास पोरांत?"

"हो."

चांगुणाबायने कूस बदलली. गाईन असं काही ती म्हणाली नाही. पण प्रणाली गेल्यावर तिने जोमाबुवाला हाक मारून पुढ्यात बसवलं, आणि पन्नास पोरांत आपली एकटी कशी उभी राहिली ते त्याला सांगितलं. तो दाराशीच होता, त्याने सगळं ऐकलं होतं. तरी त्याने पहिल्यापासून ऐकलं, आणि मास्तर काय बोलला ते तिच्याच तोंडून येऊ दिलं.

वैशाख आला. ऊन पिकलं. आगरात मिठाच्या शुभ्र राशी उभ्या राहिल्या, आणि प्रणालीच्या बापाच्या दारात हिरवा मांडव चढला.

हळदीचा दिवस. आंब्याची पानं, केळीचे खांब, पाटाभोवती तांदळाची पांढरी रेघ. वाटून ठेवलेली हळद पितळी वाटीत ओली, उष्ण, सुगंधी होऊन वाट बघत होती. पनवेलहून आलेल्या सासरच्या मंडळींनी हौसेने पडदा आणला होता, माघातल्यापेक्षाही मोठा. प्रणाली पाटावर बसली होती. मुहूर्त झाला. बायांनी दाराकडे पाहिलं. दारातून कुणी आलं नाही.

आवाजवाला पुढे झाला. त्याच्याकडे मोबाइलवर धवले भरलेले होते. म्हणाला, लावू का? एका मावशीने हळदीच्या वाटीकडे हात नेला. प्रणालीने वाटीवर आपला तळहात ठेवला.

"आतेला येऊ दे," ती म्हणाली.

मांडवातली कुजबुज वाढली. सासूबाईंनी घड्याळ पाहिलं. समयांच्या ज्योती सरळ उभ्या होत्या. प्रणालीचा हात वाटीवरून हलला नाही.

आणि मग दारातली माणसं दोन बाजूंना झाली.

चांगुणाबाय आली. हिरवं नऊवारी, घट्ट अंबाडा, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू. चेहऱ्याची आग शमली होती, कातडी निवली होती, आणि रेषा, आडव्या, उभ्या, तिरप्या, रेषेला फुटलेल्या रेषा, एकूणएक आपापल्या जागी होत्या. ती सावकाश चालत आली. पाटाजवळ पोचली. बसली मात्र नाही. वळून तिने पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर नुसती प्रणाली दिसत होती. प्रणालीने कॅमेरावाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की आत्याकडे कॅमेरा फिरवायचा नाही.

"दादा," चांगुणाबाय म्हणाली, "कॅमेरा हिकडं फिरव."

तो घुटमळला. त्याने नवरीकडे बघितलं, नवरीने आत्याकडे. मग त्याने कॅमेरा उचलला. "कुठल्या बाजूने घेऊ, आजी?"

"डाव्या बाजूनं," ती म्हणाली. "ही माजी मिठाची बाजू. पोरीनं ह्याच्यावर अभ्यास केलाय."

ती पाटाशेजारी बसली. तिने डोळे मिटले नाहीत. भिंतीएवढ्या पडद्यावर भिंतीएवढा डावा गाल उजळला: काळाभोर, कोरलेला, कणखर, बेचाळीस उन्हाळ्यांनी नांगरलेला, दोन सूर्यांनी भाजलेला. तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्यानेही तिच्याकडे पाहिलं. आणि तिने स्वर लावला.

ये रं सूर्यादेवा, मांडवाच्या दारी,
मीठ तुजं, हळद तुजी, पोर माजी सारी.

सात आठ्या भुवयांबरोबर वर चढल्या. देव आले. डोंगरातला आला, वेशीतला आला, खाडीच्या मुखावरचा आला, आणि सर्वांच्या मागून, तिने नव्याने आळवलेला, तेजःपुंज, चिरपरिचित, जन्माचा सोबती असा तो आला. धवला कुठेही तुटला नाही. सासूबाईंचं घड्याळाकडे बघायचं राहून गेलं. जोमाबुवा खांबाआड उभा होता, आणि उपरण्याने नाक पुसताना सर्दी झाल्याचं शेजाऱ्याला सांगत होता.

हळद लागली. कपाळाला, गालांना, दंडांना, पावलांना. मग प्रणालीने स्वतःच्या गालावरची हळद दोन बोटांवर घेतली आणि आत्याच्या डाव्या गालाला लावली. सरसकट फासली नाही. एकेका रेषेवरून बोट नेलं, आरंभापासून अंतापर्यंत, सावकाश. परीक्षेत नकाशा भरावा तसं ती ते काम करत होती, आणि त्यात तिच्याकडून एकही रेषा चुकली नाही.

लग्न झालं. नवरी सासरी गेली. मांडव उतरला, पडदा गुंडाळला गेला. सगळ्यांची हळद आंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून गेली.

पाचव्या दिवशी दुपारी चांगुणाबाय आगरावर आली. डोक्याला सुपाएवढी रुंद टोपी होती, भाचीने पाठवलेली. चेहऱ्याला उन्हाची ट्यूब लावलेली होती, भरपूर. रात्रीची नवी ट्यूब घरी कोनाड्यात होती, आणि चांगुणाबाय ती आता वाटाण्याएवढीच घेत होती. डॉक्टरीणबाय आपल्या घरची होती, तिचा शब्द पाळायला हवा होता. शेजारच्या वाफ्यातल्या बाया टोपीला हसल्या. तिने त्यांना ट्यूबचं नाव सांगितलं, आणि ते कुणी लिहून दिलं तेही सांगितलं.

ती दक्षिणेच्या बांधावर उभी राहिली. तोंड उत्तरेला, समुद्र डावीकडे.

जोमाबुवा आला. आज तो डावीकडून आला. ऊन त्याच्या पाठीवर पडलं, त्याची सावली तिच्या गालावर. त्याने मान वाकडी करून टोपीखाली पाहिलं.

"हळद हाय अजून," तो म्हणाला.

"असूं दे," ती म्हणाली. "बाजूला हो, मना दिसत नाय."

तो बाजूला झाला. अस्ताकडे कललेला, तांबूस, तेजस्वी सूर्य पाण्यावर आला, मिठावर आला, टोपीच्या काठाखालून तिच्या डोळ्यांवर आला. तिने डोळे बारीक केले. साऱ्या रेषा मिटल्या. तिने डोळे उघडले. साऱ्या रेषा उमलल्या. आणि प्रत्येक रेषेच्या तळाशी, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं तिथे, प्रणालीची हळद पिवळीधमक लखलखली.

तिने फळी उचलली. लोटली, ओढली. लोटली, ओढली. बांधाशी मीठ येत राहिलं, पांढरंशुभ्र.